बाहाच्या रोल केजसाठी ट्यूब निवडणं आणि वेल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाहा एसएईइंडिया या स्पर्धेसाठी एकाच सीटची ऑफ-रोड गाडी बांधणाऱ्या कॉलेजच्या टीमसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. रोल केज म्हणजे गाडी उलटली तरी ड्रायव्हरला सांभाळणारा नळ्यांचा सांगाडा. आकडे बाहा एसएई नियमावलीच्या चौकटीतले आहेत. नियमावलीत अधूनमधून बदल होतात, म्हणून ट्यूबची ऑर्डर देण्याआधी आपल्या वर्षाची प्रत उघडून प्रत्येक आकडा पडताळा. मागच्या बॅचच्या पीपीटीवर विसंबू नका.

केजला कमीत कमी कोणती ट्यूब चालते?

नियमावली केजच्या नळ्यांचे, म्हणजे मेंबरचे, दोन गट करते. ड्रायव्हरच्या पाठीमागचा रोल हूप (नळीची कमान), डोक्यावरचे मेंबर, तिथून खाली पुढे येणारं ब्रेसिंग (आधाराच्या नळ्या) आणि त्यांना जोडणारे आडवे मेंबर हे प्रायमरी. मागच्या हूपमधलं तिरकं ब्रेसिंग, बाजूचे इम्पॅक्ट मेंबर, सीटखालचा मेंबर वगैरे सेकंडरी. नेमका कोणता मेंबर कुठल्या गटात, हे नियमावलीतल्या आकृतीवरून ठरवा, कारण या यादीत बदल झालेले आहेत.

प्रायमरीसाठी मूळ माप १ इंच बाहेरचा व्यास आणि ०.१२० इंच जाडी, म्हणजे साधारण २५ × ३ मिमी. स्टीलमध्ये कार्बन किमान ०.१८ टक्के हवा. दुसरं माप वापरता येतं, पण त्याचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा आणि ताकद दोन्ही मूळ मापापेक्षा कमी पडता कामा नयेत, आणि जाडी १.५७ मिमीच्या खाली जाता कामा नये. सेकंडरीला किमान २५.४ मिमी व्यास आणि ०.८९ मिमी जाडी पुरते.

०.८९ मिमी कागदावर चालत असली तरी नवख्या वेल्डरच्या हातात ती नळी जळून भोक पडतं. पहिल्यांदा केज बांधणाऱ्या टीमने सेकंडरीला १.२ मिमी घ्यावी. मीटरमागे १८० ग्रॅमच्या आसपास वजन वाढतं आणि बरीच डोकेदुखी वाचते.

सगळे जाडीला पातळ आणि व्यासाला मोठी ट्यूब का घेतात?

नळीचा ताठपणा व्यासाबरोबर फार झपाट्याने वाढतो. मधल्या अक्षापासून धातू जितका लांब, तितका तो वाकण्याला जास्त विरोध करतो. म्हणून धातू कमी वापरूनही ताठपणा वाढवता येतो.

हिशोब असा. क्षेत्र-जडत्व म्हणजे π भागिले ६४, गुणिले (बाहेरच्या व्यासाचा चौथा घात वजा आतल्या व्यासाचा चौथा घात). ताठपणा काढायला त्याला स्टीलच्या लवचिकता गुणांकाने, म्हणजे २०५ गिगापास्कलने, गुणायचं. हा आकडा सगळ्या स्टीलना एकच धरायचा असतो. ताकद काढायला यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो) गुणिले जडत्व भागिले बाहेरची त्रिज्या. मूळ मापासाठी यील्ड ३६५ मेगापास्कल धरायची. खालच्या तक्त्यातले १०१८ आणि ४१३० हे स्टीलचे ग्रेड आहेत; ४१३० ची यील्ड ४३५ मेगापास्कल धरली आहे.

| ट्यूब (मिमी) | ताठपणा (न्यूटन-मीटर वर्ग) | ताकद (न्यूटन-मीटर) | वजन (किलो/मीटर) |
|---|---|---|---|
| २५.४ × ३.०५, १०१८ | २,७९२ | ३९१ | १.६८ |
| ३१.७५ × १.६५, ४१३० | ३,६३३ | ४८६ | १.२२ |
| २९.२ × १.६५, ४१३० | २,७८८ | ४०५ | १.१२ |

प्रायमरी १६ मीटर लागली असं धरलं, तर मूळ मापाऐवजी ३१.७५ × १.६५ घेतल्यावर ७ किलोहून जास्त वजन वाचतं. मीटरचं वजन पटकन काढायचं असेल तर (व्यास वजा जाडी) × जाडी × ०.०२४६६. मापं मिमीत, उत्तर किलोत.

२९.२ × १.६५ खूप टीम वापरतात. आम्हीही तीच घेऊ का?

तक्त्यातली तिसरी ओळ पुन्हा बघा. १ × ०.१२० इंच हे मूळ माप अचूक मिमीत, म्हणजे २५.४ × ३.०५, धरलं तर ही ट्यूब ताठपणात चार अंकांनी नापास होते. गोल आकड्यातलं २५ × ३ धरलं तर मूळ ताठपणा २,६१९ वर येतो आणि तीच ट्यूब आरामात पास होते. तुमच्या वर्षीच्या नियमावलीत कोणतं माप छापलंय यावर सगळं ठरतं, आणि ते न बघता ऑर्डर देणं म्हणजे जुगार.

दुसरा धोका जाडीच्या टॉलरन्सचा. १.६५ म्हणून आलेली ट्यूब प्रत्यक्षात १.६० भरली तर ताठपणा २,७१७ वर उतरतो. १.५५ भरली तर आकडेमोड करायचीही गरज नाही, ती किमान जाडीतच बाद होते. म्हणून सहा मीटरच्या प्रत्येक नळीची जाडी दोन्ही टोकांना, चार-चार ठिकाणी मोजा. साध्या व्हर्नियरचा सपाट जबडा नळीच्या आतल्या गोलाईवर कडांनी टेकतो आणि जाडी जास्त दाखवतो. गोल टोकाचा ट्यूब मायक्रोमीटर वापरा. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमध्ये तो बहुधा सापडतो. हिशोबाच्या कागदावरही मोजलेलं सगळ्यात लहान माप घाला, कॅटलॉगमधलं नको.

तिसरा धोका यील्डचा. ४१३० नॉर्मलाइज्ड (तापवून हवेत थंड केलेल्या) अवस्थेत असेल तर ४३५ मेगापास्कल धरणं रास्त आहे. अॅनील केलेली (तापवून अगदी सावकाश थंड करून मऊ केलेली) असेल तर यील्ड ३६० च्या आसपास येते, आणि मग २९.२ × १.६५ ची ताकद ३३५ वर घसरते. ती कुठल्याही मूळ मापाला पुरत नाही. त्याच अॅनील अवस्थेत ३१.७५ × १.६५ ची ताकद मात्र ४०२ राहते, पास होते. मीटरमागे १०० ग्रॅम जास्त मोजून ही निश्चिंती मिळते. आमचं मत ३१.७५ ला.

१०१८, १०२० की ४१३०?

१०१८ मध्ये कार्बन ०.१५ ते ०.२० टक्के असू शकतो. म्हणजे खरीखुरी, प्रामाणिक १०१८ सुद्धा ०.१८ च्या अटीत नापास होऊ शकते. १०२० ची मर्यादा ०.१८ ते ०.२३ आहे, त्यामुळे ती सुरक्षित. वेल्डिंगला दोन्ही सोप्या.

४१३० मध्ये कार्बन ०.२८ ते ०.३३, क्रोमियम ०.८० ते १.१० आणि मॉलिब्डेनम ०.१५ ते ०.२५ टक्के. पातळ भिंतीत ताकद हवी असेल तर हीच. पण ती महाग आहे, सहज मिळत नाही आणि वेल्डिंगला थोडी नखरेल आहे. वेल्डर नवा आणि खिसा रिकामा असेल तर १०२० ची मूळ मापाची केज बांधा. सात किलो जड पण नीट जोडलेली केज चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत पूर्ण करते.

एक गैरसमज: ४१३० घेतली म्हणून केज जास्त ताठ होत नाही. स्टील कुठलंही असो, ताठपणा मापावर ठरतो. ४१३० ताकद वाढवते, तीही योग्य उष्णोपचार झालेला असेल तर.

दुकानदार म्हणतो "४१३०च आहे, डोळे झाकून घ्या." खात्री कशी करायची?

डोळे उघडे ठेवून. पहिली गोष्ट मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा चाचणी दाखला. त्यावरचा हीट नंबर (त्या ओतीचा क्रमांक) ट्यूबवर छापलेल्या किंवा टॅगवरच्या नंबराशी जुळला पाहिजे. मुंबईत सी. पी. टँक–खेतवाडी भागात किंवा पुण्यात भोसरीकडे व्यापाऱ्याकडून कापून घेतलेल्या तुकड्यावर नंबर नसतो आणि सर्टिफिकेट भलत्याच लॉटचं असतं. नंबर असलेलं टोक शेवटी कापायचं आणि जपून ठेवायचं.

दुसरी गोष्ट स्वतःची चाचणी. एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत स्पेक्ट्रो टेस्ट करा. नळीचा तुकडा कापून सपाट करून देतात, रिपोर्टमध्ये कार्बनसकट सगळे घटक येतात. भंगारवाल्यांकडे दिसणारी हातातली एक्स-रे गन क्रोमियम, मॉलिब्डेनम दाखवते, पण कार्बन तिला दिसत नाही. आणि तुम्हाला सिद्ध करायचाय तो कार्बनच. यील्डसाठी त्याच लॉटच्या तुकड्याची टेन्साइल टेस्ट वेगळी करून घ्या. सर्टिफिकेट, बिल आणि रिपोर्ट तिन्ही रोल केजच्या फाइलमध्ये लावा.

ईआरडब्ल्यू, सीडीडब्ल्यू, सीमलेस: काय घ्यावं?

ईआरडब्ल्यू म्हणजे पट्टी गोल वळवून कडा विजेच्या रोधाने जोडलेली नळी. तीच पुढे थंड अवस्थेत डायमधून ओढली की सीडीडब्ल्यू होते. माप नेमकं येतं, आतली शिवण जवळपास नाहीशी होते. सीमलेसला शिवण मुळातच नसते. ४१३० बहुधा सीमलेसच मिळते. १०२० मध्ये सीडीडब्ल्यू उत्तम. ईआरडब्ल्यू घेतलीच तर आतला शिवणीचा उंचवटा नॉच करताना (नळीचं टोक दुसऱ्या नळीवर बसेल असं कापताना) आणि स्लीव्ह (जोडाच्या आत घालायची नळी) घालताना आडवा येतो हे लक्षात ठेवा.

पाण्याचा पाइप वापरला तर?

नको. प्लंबिंगच्या दुकानातला पाइप नॉमिनल बोअरवर विकला जातो: "एक इंची" पाइपचा बाहेरचा व्यास ३३.७ मिमी असतो. कार्बनच्या किमान प्रमाणाची हमी त्यात नसते. जीआय असेल तर त्यावरचा जस्ताचा थर आर्कखाली धूर होऊन नाकातोंडात जातो, ताप भरतो, आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात.

किती मीटर मागवायची?

कॅडमधल्या कट-लिस्टची बेरीज घ्या आणि त्यावर पंधरा टक्के जास्त धरा. ट्यूब सहा मीटरच्या लांबीत येते, म्हणून कोणता तुकडा कुठल्या नळीतून निघणार हे आधी कागदावर मांडा. दीड मीटरचे चार तुकडे सहा मीटरमधून निघत नाहीत, कारण प्रत्येक कापात कटरचं पातं दोन-तीन मिमी खातं. वेल्ड सॅम्पलचे तुकडे, बेंडिंगचे चाचणी तुकडे आणि लॅबचा तुकडा याच लॉटमधून यायला हवेत; ते विसरले की शेवटी एक मीटर ट्यूबसाठी मुंबईची फेरी पडते.

बेंड करताना नळी चपटी होते. काय चुकतंय?

बहुधा मशीनच चुकीचं आहे. गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडचं हायड्रॉलिक पाइप बेंडर पाण्याच्या पाइपच्या मापांचं असतं. त्याच्या २६.९ किंवा ३३.७ मिमीच्या खोबणीत तुमची २५.४ किंवा ३१.७५ ची नळी सैल बसते, बाजूंना आधार मिळत नाही आणि ती दबते. नळीच्या नेमक्या व्यासाची डाय असलेलं रोटरी ड्रॉ बेंडर शोधा. १.६५ मिमीच्या भिंतीला मँड्रेल (वाकवताना नळीला आतून आधार देणारा दांडा) असेल तर मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या तिप्पट, नसेल तर चौपट ठेवा. मँड्रेल नसल्यास कोरडी बारीक वाळू ठोकून-ठोकून भरून दोन्ही तोंडं घट्ट बंद करण्याचा जुना उपाय चालतो. गॅसने तापवून वाकवू नका. ४१३० मध्ये तर नाहीच, तिची नॉर्मलाइज्ड अवस्था जाते.

वाकवताना बाहेरची बाजू ताणून पातळ होते. १२० मिमी त्रिज्येवर २९.२ ची नळी वाकवली तर बाहेरची भिंत १.६५ वरून सुमारे १.४७ वर येते. त्यामुळे जाडीचं माप सरळ भागावर घेतलेलं असावं आणि बेंडवर टॅब (भाग बसवायला वेल्ड केलेली पट्टी) किंवा भोक नसावं. ईआरडब्ल्यू असेल तर शिवण बेंडच्या आत किंवा बाहेर न ठेवता बाजूला, ताण कमी असतो तिथे ठेवा.

स्प्रिंगबॅक, म्हणजे वाकवल्यावर नळीचं थोडं परत उलगडणं, प्रत्येक लॉटला वेगळा येतो. खरा तुकडा वाकवण्याआधी त्याच लॉटच्या चाचणी तुकड्यावर कोन बघून घ्या. आणि डिझाइन करताना लक्षात असू द्या: नियमावलीत नाव दिलेल्या दोन बिंदूंमधला सरळ मेंबर १,०१६ मिमीपेक्षा आणि वाकवलेला ८३८ मिमीपेक्षा लांब चालत नाही.

नॉच किती नेमका हवा?

केजची ताकद इथे ठरते, वेल्डच्या नक्षीत ठरत नाही. माशाच्या तोंडासारखा कापलेला नळीचा शेवट दुसऱ्या नळीवर बसवल्यावर टिग (आर्गन) वेल्डिंगसाठी फट अर्ध्या मिमीपेक्षा जास्त दिसता कामा नये. मिग (सीओटू) वेल्डिंगला एक मिमीपर्यंत निभावतं. फट मोठी असली की वेल्डर ती भरायला रॉड ओततो, उष्णता वाढते, पातळ कडा वितळून मागे सरते आणि फट आणखी वाढते. वर बीड (वेल्डची रेघ) जाड दिसतो, आत काहीच जोडलेलं नसतं.

होल सॉने नॉच करायचा तर सॉचा व्यास समोरच्या नळीच्या बाहेरच्या व्यासाइतका असावा, ३१.७५ साठी ३२ चा सॉ चालतो. बाय-मेटल सॉ, कमी वेग, कटिंग ऑइल. ४५ अंशांहून तिरक्या जोडाला होल सॉ भरकटतो. तिथे कॅडमधून नॉचचा पसरलेला नकाशा एकास-एक प्रमाणात कागदावर छापा, नळीभोवती गुंडाळून चिकटवा, मार्करने रेष मारा, ग्राइंडरने रेषेच्या आत कापा आणि शेवटचा अर्धा मिमी अर्धगोल कानशीने काढा. छापल्यावर आधी पट्टीने माप तपासा. प्रिंटरने "पानात बसवा" असं केलेलं असतं आणि सगळे नॉच तीन टक्क्यांनी लहान येतात.

नॉचची टोकं पात्यासारखी धारदार होतात. ती वितळून नाहीशीच होणार, म्हणून कानशीने मिमीभर बोथट करा. मग जोडापासून २५ मिमीपर्यंत बाहेरून पांढरी चमक येईपर्यंत आणि आतूनही थोडं घासा. मिल स्केल (कारखान्यातून आलेला काळा थर), गंज, तेल काही राहता कामा नये. शेवटी अॅसिटोनचा फडका. ब्रेक क्लीनर वापरू नका: क्लोरिनवाला असेल तर आर्कच्या किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

टिग, मिग की आर्क?

वर्कशॉपच्या भाषेत आर्गन वेल्डिंग म्हणजे टिग आणि सीओटू वेल्डिंग म्हणजे मिग. दोन्हींनी चांगली केज होते. १.६५ मिमीच्या ४१३० ला टिग, कारण उष्णता पायाच्या पेडलवर असते आणि वितळलेलं डबकं डोळ्यांसमोर असतं. ३ मिमीच्या १०२० ला मिग झकास आणि तिप्पट वेगवान. साधा आर्क, म्हणजे ३.१५ चा ६०१३ रॉड, ग्रिल-गेटला ठीक आहे. पातळ गोल नळीवर त्याने स्लॅग अडकतो, भोकं पडतात आणि अरुंद कोनात रॉड पोचतच नाही.

मशीनचं सेटिंग काय ठेवावं?

टिग: डीसी, टॉर्च ऋण टोकाला. टंगस्टन १.६ किंवा २.४ मिमी, लँथनेटेड, टोक लांबीच्या दिशेने घासलेलं. आर्गन मिनिटाला ६ ते ९ लिटर, कप ६ किंवा ७ नंबर, शक्य असेल तर गॅस लेन्स. १.६५ मिमीला ६० ते ७५ अँपिअर, ३ मिमीला १०० ते १२० पासून सुरुवात. फिलर (भरायचा रॉड) १.६ मिमीचा ईआर७०एस-२; ४१३० लाही हाच. ताकद जास्त हवी म्हणून ४१३० चाच फिलर वापरायचा मोह टाळा, वेल्डनंतर उष्णोपचार करणार नसाल तर तो ठिसूळ जोड देतो. ईआर७०एस-२ थोडा मऊ आहे, ताण सोसतो, आणि वेल्डची जाडी नळीपेक्षा जास्त असल्याने ताकद पुरते. टॉर्च थांबल्यावर गॅस सहा-आठ सेकंद चालू राहू द्या आणि हात हलवू नका.

मिग: ०.८ मिमीची ईआर७०एस-६ वायर, ८० टक्के आर्गन–२० टक्के कार्बन डायऑक्साइड मिक्स, मिनिटाला १२ ते १४ लिटर. १.६५ मिमीला १६ ते १७.५ व्होल्ट, ३ मिमीला १८-१९. निव्वळ सीओटू गॅसवर काम होतं, पण शिंतोडे जास्त आणि पातळ भिंतीला मार जास्त.

छताचा पंखा आणि टेबल फॅन बंद. उन्हाळ्यात हे नको वाटतं, पण वाऱ्याने गॅसचं आवरण फाटलं की बीडवर टाचणीएवढी छिद्रं दिसू लागतात.

४१३० ला प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) लागतं का?

४१३० चा कार्बन इक्विव्हॅलंट (वेल्डलगत स्टील किती कडक होईल याचा अंदाज देणारा आकडा) ०.६ च्या आसपास येतो, १०१८ चा ०.३ च्या. म्हणजे ४१३० चा वेल्डलगतचा पट्टा पटकन थंड झाला तर कडक आणि ठिसूळ होतो. तरी ३ मिमीखालच्या भिंतीला वेगळं प्रीहीट लागत नाही. नळी खोलीच्या तापमानाला, कोरडी असली की झालं. पावसाळ्यात दव धरलेली नळी हीट गनने हाताला गरम लागेल इतपत तापवून घ्या. खरी चूक वेल्ड झाल्यावर होते: लवकर हात लावता यावा म्हणून ओला फडका किंवा कॉम्प्रेसरची हवा. त्याने त्या पट्ट्यात तडा जाण्याची पूर्ण सोय होते. स्थिर हवेत आपोआप थंड होऊ द्या. गॅस टॉर्चने "स्ट्रेस रिलीव्ह" करण्याच्याही भानगडीत पडू नका, तापमान सगळीकडे सारखं ठेवता येत नाही.

वेल्डिंगनंतर केज वाकडी होते. क्रम काय असावा?

वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो आणि नळीला आपल्याकडे ओढतो. हे थांबवता येत नाही, दोन्ही बाजूंनी सारखं ओढायला लावता येतं.

सपाट फिक्श्चर टेबलवर आधी मागचा हूप त्याच्या प्रतलात पूर्ण जुळवा, मग खालची चौकट, मग दोन्ही उभी करून गुण्या आणि ओळंब्याने जोडा. डोक्यावरचे मेंबर त्यानंतर. सगळं आधी फक्त टॅक करा, म्हणजे वेल्डचे छोटे टाके घाला: प्रत्येक जोडाला चार, ६ ते ८ मिमी लांब, समोरासमोर. संपूर्ण केज टॅकवर उभी झाली की कर्ण मोजा. दोन कर्णांत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर टॅक कापून दुरुस्त करा. आता पाच मिनिटांचं काम आहे. ड्रायव्हरला हेल्मेट घालून बसवण्याचीही हीच वेळ. हेल्मेटभोवती १५२ मिमी आणि अंगाभोवती ७६ मिमी मोकळी जागा लागते, आणि टीममधला सगळ्यात उंच ड्रायव्हर बसवायचा असतो.

पूर्ण वेल्ड करताना एका जोडाभोवती एका दमात फिरू नका. पाव भाग घातला की त्याच्या समोरचा पाव, मग केजच्या तिरप्या टोकाचा जोड. उघड्या टोकांमध्ये तात्पुरत्या आडव्या नळ्या टॅक करून ठेवा. सस्पेन्शनचे टॅब सगळ्यात शेवटी, केज थंड असताना, जिगवरून. आधी लावलेले टॅब जागचे हललेले असतात आणि मग व्हील अलाइनमेंट कशीच जुळत नाही.

शेवटचा टाका घालताना डबकं फुटून बाहेर का उडतं?

नळी दोन्हीकडून बंद झालेली असते. आतली हवा तापून पसरते आणि जायला जागा न मिळाल्याने वितळलेल्या धातूतून वाट काढते. मेंबर बसवण्याआधीच, ज्या नळीवर तो टेकणार तिच्यावर, जोडाच्या आत झाकलं जाईल असं २-३ मिमीचं भोक पाडून ठेवा. हवा शेजारच्या नळीत जाते.

वेल्ड सॅम्पल कशी द्यायची? बाहेरच्या वेल्डरकडून काम करून घेतलं तर?

केजला हात लावणाऱ्या प्रत्येक वेल्डरने स्वतः, केजच्याच ट्यूबमधून, दोन नमुने करायचे असतात. पहिला ९० अंशांचा जोड: तो ओढून किंवा वाकवून तोडायचा, आणि तुटायला हवी नळी. वेल्ड तुटला तर नमुना नापास. दुसरा ३० अंशांचा जोड, जोडाच्या मध्यापासून किमान १५० मिमी लांबीचा. तो लांबीत उभा चिरून आत सारखी पेनिट्रेशन (वेल्ड किती खोल मुरला ते) दिसली पाहिजे. चिरलेला भाग पॉलिश पेपरने घासून सौम्य नायट्रिक आम्लाने एच केला (कोरला) की वेल्डची सीमा स्वच्छ दिसते.

३० अंशच का, तर त्या कोनाच्या आतल्या कुशीत टॉर्च शिरत नाही आणि आळशी वेल्डर तिथे वरून पूल बांधतो. कप एक नंबर लहान करा, टंगस्टन थोडं जास्त बाहेर काढा आणि कुशीपासून सुरुवात करून बाहेर या. बाहेरचा कारागीर तीस वर्षं वेल्डिंग करत असला तरी हा नमुना त्याच्याकडून केजच्या आधी करून घ्या, नंतर नको.

बीड खडबडीत आलाय. ग्राइंडरने सारखा करू का?

नाही. वेल्डची जाडी जाते, नळीही पातळ होते आणि तपासनीसाचा संशय मात्र जाडजूड होतो. घाणेरडा पण नीट मुरलेला बीड पास होतो. खरंच दोष असेल तर तेवढा भाग पूर्ण कोरून काढा आणि पुन्हा घाला. त्याच जागी दोनदा दुरुस्ती झाली असेल तर मेंबर बदललेला बरा.

आपला वेल्ड आपणच कसा तपासायचा?

आधी नुसत्या डोळ्यांनी, बाजूने टॉर्च मारून. बीडच्या कडेला खाच दिसली तर अंडरकट: करंट जास्त किंवा रॉड कमी. बीड नळीवर नुसता बसलेला, कडा गोल, म्हणजे कोल्ड लॅप: मिगमध्ये हे फार होतं आणि दिसायला सुंदर दिसतं, म्हणून जास्त घातक. बीडच्या शेवटी खड्डा आणि त्यात ताऱ्यासारखी चीर म्हणजे पेडल एकदम सोडला. प्रायमरीच्या प्रत्येक जोडाला डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच वापरा: क्लीनर, मग लाल पेनिट्रंट दहा ते वीस मिनिटं, पुसून डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

तुकडा आखूड पडला. जोडून लांब करता येईल का?

स्लीव्ह घालूनच. स्लीव्ह आतून घट्ट बसणारी, जाडी किमान नळीइतकी, आणि जोडाच्या प्रत्येक बाजूला नळीच्या व्यासाच्या किमान दुप्पट आत गेलेली. मधला बट वेल्ड आणि प्रत्येक बाजूला दोन, असे चार रोझेट वेल्ड, नळीला पाडलेल्या किमान १६ मिमी भोकातून. बाहेरून चढवलेली स्लीव्ह चालत नाही. एवढं करण्यापेक्षा नवीन तुकडा कापणं बहुतेक वेळा स्वस्त पडतं.

टॅब आणि गसेट (कोपऱ्याला आधार देणारी पट्टी) कुठे लावायचे?

जोडाजवळ. सस्पेन्शनचा टॅब नळीच्या मधोमध लावला की चाकाचा प्रत्येक दणका त्या नळीला वाकवतो आणि काही तासांनी टॅबच्या टोकाला वेल्डच्या पायथ्याशी तडा दिसतो. नाइलाज असेल तर टॅबखाली नळीला मिठी मारणारी २ मिमीची खोगीर-पट्टी द्या. टॅबचे कोपरे गोल करा आणि वेल्ड कोपऱ्यावर थांबवू नका, वळवून घ्या. प्रायमरी मेंबरमधून आरपार बोल्टचं भोक कधीही नको. क्लँप किंवा टॅब वापरा.

हीच ट्यूब फॉर्म्युला कारला किंवा रॅलीच्या गाडीला चालेल?

गृहीत धरू नका. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमांत रोल हूपला २५.४ × २.४ किंवा २५ × २.५ मिमी अशी वेगळी मापं चालतात. एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संस्थेच्या नियमांप्रमाणे बांधायच्या रॅली केजला मुख्य रोलबारसाठी थंड ओढलेली सीमलेस कार्बन स्टील ट्यूब, ४५ × २.५ किंवा ५० × २ मिमी लागते. ते जगच वेगळं.

वेल्डिंगच्या वेळी काय सांभाळायचं?

अर्थ क्लँप जोडाजवळ, घासलेल्या धातूवर. केजमध्ये इंजिन, वायरिंग किंवा बॅटरी असताना वेल्डिंग नाही. दार-खिडक्या बंद खोलीत आर्गन खाली साठतो आणि श्वासाला हवा उरत नाही, म्हणून खेळती हवा हवी पण जोडावर थेट झोत नको. शेजारी बघत उभ्या असणाऱ्यांनाही काच हवी. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग वेल्डरपेक्षा मदतनिसांनाच जास्त होते.

रंग कधी मारायचा?

सगळे टॅब, अगदी नंबर प्लेटचा आणि अग्निशामकाचा टॅबसुद्धा, वेल्ड झाल्यावर आणि पेनिट्रंट चाचणीनंतर. पावडर कोटिंगची भट्टी १८०-२०० अंशांची असते, तिने स्टीलचं काही बिघडत नाही. त्याआधी दाबहवेने नळ्यांतली वाळू पूर्ण काढा. थर पातळ ठेवा आणि जोडांवर पुट्टी अजिबात नको, कारण पिथमपूरला, स्पर्धेच्या ठिकाणी, तपासनीस बीडच बघायला येतो, आणि झाकलेला बीड त्याने खरवडून बघितला तर तक्रार करता येत नाही.